पाच, हिरवा दिवा

विमान कंपनीत त्यांना सगळे मास्तर म्हणत. जन्मात कधी त्यांनी खडू हातात धरला नव्हता, पण शिकवायची खोड अशी, की शेजारी बसलेल्या को-पायलटची सुटका नसे. "डोळ्यांनी बघू नकोस, बोटाने बघ," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "डोळे लबाड असतात. जे दिसायला हवं असतं तेच त्यांना दिसतं. बोट लाव त्या काट्याला, मग बोल." मग तो बिचारा को-पायलट समोरच्या प्रत्येक काट्याला, दिव्याला, बटणाला बोट लावत जाई. विश्रांतीच्या खोलीत पोरं त्यांची नक्कल करत. कुणी डब्यातल्या भाजीत बोट बुडवून गंभीर आवाजात म्हणे, "भाजी, आहे. मीठ, नाही." हे मास्तरांच्या कानावर गेलं होतं आणि ते मनातून खूश होते.

कंपनी स्वस्त तिकिटांची. तास-दीड तासाच्या फेऱ्या, दिवसाला चार. खुर्च्या मागे झुकत नाहीत, पाणीसुद्धा विकत, आणि उतरलेलं विमान अर्ध्या तासात पुन्हा उडालं नाही तर कचेरीत कुणाच्या तरी पोटात दुखायला लागतं. पायलटने डबा खायचा तो याच अर्ध्या तासात, मांडीवर, एक डोळा घड्याळावर ठेवून. बायकोचा भाऊ मोठ्या कंपनीत लांब पल्ल्याची विमानं चालवायचा. भेटला की हमखास विचारी, "काय मास्तर, बस वेळेवर आहे ना?"

"बस वेळेवर आहे," मास्तर म्हणत, "आणि ड्रायव्हर रोज घरी जेवतो. तुझं काय?"

मेहुण्याचं काय, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची मुलं त्याला समोरासमोर कमी आणि फोनच्या पडद्यावर जास्त ओळखत.

मास्तर खरोखरीच सुखी माणूस होते. संध्याकाळी घरी येणं हा एक भाग झाला. दुसरा असा, की विमान उडवणं आणि उतरवणं हेच त्यांच्या मते खरं काम. मधलं सगळं नुसतं बसणं. लांब पल्ल्यावाल्याला बसणंच फार आणि उतरवणं आठवड्यातून कधीतरी. यांच्या वाट्याला दिवसातून अनेकदा जमीन सुटायची, अनेकदा पुन्हा पायाखाली यायची, आणि दर वेळी चाकं टेकली की त्यांच्या चेहऱ्यावर पहिला लाडू जमलेल्या नव्या सुनेसारखं समाधान दिसायचं. इतक्या वर्षांत ते विटले नव्हते. असा माणूस एकाएकी स्वतःच्याच तोंडाला भ्यायला लागावा, याला काय म्हणायचं?

झालं ते भर दुपारी, लख्ख उन्हात. तिसरी फेरी. शेजारी एक नवी मुलगी होती, प्रोबेशनवरची. तिला सगळे नवी म्हणूनच हाक मारत. हुशार होती, पण मास्तरांसमोर इतकी अंग चोरून बसायची की खुर्चीच्या कडेवरून घसरेल असं वाटावं. इंजिनं सुरू झाली. आता विमान हलवायच्या आधी मास्तरांनी "फ्लॅप पाच" म्हणायचं आणि तिने लिव्हर ओढायचा, हा रिवाज. फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा. त्या पाचच्या खुणेपर्यंत खाली सोडल्या की पंख मोठा होतो आणि कमी वेगातही विमान उचललं जातं. न सोडता धावलात, तर धावपट्टी संपते आणि विमान काही उचललं जात नाही. एवढं समजलं तरी पुढचं समजेल.

मास्तर "फ्लॅप" म्हणणार, तेवढ्यात मागून फोन वाजला. केबिनमधला एक गृहस्थ उभा होता आणि बसायला तयार नव्हता. त्याची टोपी वरच्या कप्प्यात अडकली होती. मास्तरांनी दोन शब्द सुनावले, फोन ठेवला, वर टॉवरने घाई केली, आणि विमान निघालं. "फ्लॅप पाच" हे तोंडातून निघालंच नाही.

पुढे चेकलिस्ट. ती याचसाठी असते, की माणूस विसरतो. नवीने वाचलं, "फ्लॅप?"

आणि मास्तर म्हणाले, "पाच, हिरवा दिवा."

काटा शून्यावर होता. दिवा हिरवा नव्हता. दिवा लागलेलाच नव्हता. बोटाने बघा म्हणून उभ्या कंपनीला वैताग आणणाऱ्या या माणसाने बोट तर लावलं नाहीच, पण डोळ्यांनीही बघितलं होतं की नाही कुणास ठाऊक. त्यांना मात्र पक्कं आठवतं, की त्यांनी बघितलं होतं, आणि त्यांना पाच दिसला होता.

धावपट्टीच्या तोंडाशी येऊन त्यांनी इंजिनांचे लिव्हर पुढे ढकलले आणि कॉकपिटमध्ये भोंगा कोकलायला लागला. विमानाला स्वतःची अक्कल आहे म्हणून बरं. फ्लॅप नीट सोडले नसतील तर ते ओरडतं. मास्तरांनी लिव्हर मागे खेचले, ब्रेक दाबला. विमान जेमतेम हललं होतं. टॉवरला सांगितलं, एक तपासणी राहिलीय, बाजूला होतो. प्रवाशांना सांगितलं, किरकोळ तांत्रिक कारण. आवाज नेहमीचाच, भारदस्त.

बाजूच्या रस्त्यावर विमान उभं करून ते नवीकडे वळले. "तू बघितलं नाहीस?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बघितलं, सर."

"काय दिसलं?"

"शून्य."

"मग?"

"तुम्ही पाच म्हणालात. मी परत बघितलं. परत शून्यच दिसलं." तिने काट्याकडे बोट केलं. "मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. तुम्ही कसे चुकाल?"

मास्तर समोर वळले. फ्लॅप सोडले, बोट लावलं, दिवा बघितला, पुन्हा बघितला. मग नवी हळूच म्हणाली, "सर, मी कुणाला काही सांगणार नाही."

भोंग्याने काळजात धस्स झालं होतं, ते तरी निवलं. हे वाक्य मात्र कानातून गेलंच नाही. तिने केवढ्या आदराने सांगितलं होतं! त्याच आदराने ती शून्य बघून गप्प बसली होती, आणि भोंगा नसता तर त्याच आदराने त्यांच्यासकट सगळ्यांना घेऊन धावपट्टीच्या पलीकडच्या कुंपणात गेली असती.

राहिलेल्या फेऱ्या त्यांनी पूर्ण केल्या. कशा केल्या, ते त्यांचं त्यांना माहीत.

घरी आल्यावर बायकोला काही बोलले नाहीत. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची आणि दिवसभर लोकांचं 'दिसतंय दिसतंय' ऐकून तिचे कान विटलेले असत. तिच्या लक्षात आलं ते एवढंच, की हे निजायच्या आधी गॅसचं बटण बघायला जाताहेत. एकदा गेले, आले. पडले. पुन्हा गेले.

"अहो, बंद आहे ते," ती म्हणाली. "मी बघितलंय."

"बघितलंस, की बघितल्यासारखं वाटलं?"

"म्हणजे काय?"

"काही नाही," म्हणून मास्तर तिसऱ्यांदा उठले आणि बटणाला बोट लावून आले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. ते थेट तिच्या दुकानात गेले आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. "माझे डोळे तपास." पायलटांचे डोळे डॉक्टर तपासतात, वेळच्या वेळी, कडक, यांना दुकानात यायचं कारण काय? पण नवऱ्याचा चेहरा बघून तिने वाद घातला नाही. दिवा मालवला, भिंगं लावली, अक्षरं दाखवली. मास्तर मनातल्या मनात हात जोडून बसले होते. नंबर निघू दे. उजव्या डोळ्यात काहीतरी असू दे. मग चष्मा लागेल, प्रकरण मिटेल, दोष काचेचा ठरेल.

"ठणठणीत," बायको म्हणाली. "या वयात असे डोळे मी तरी बघितले नाहीत."

लोक असं ऐकून पेढे वाटतील. मास्तर मात्र घाम पुसत बाहेर पडले. डोळे चांगले होते, म्हणजे दोष आणखी आत कुठेतरी होता, आणि तिथे भिंग लावायची सोय नव्हती.

सुट्टीच्या दिवशी दुपारचा चहा मास्तर करत. त्यांचा हट्टच होता. चहा करावा तर आपणच, बाकीच्यांना उकळीचा अंदाज नाही. कॉलेजात जाणारी लेक गॅलरीत वाचत बसली होती. ते कप घेऊन गेले, तर तिने कप घेतला आणि त्यांची पाठ वळेपर्यंत थांबली. काय वाटलं कुणास ठाऊक, ते दारातच वळले. लेकीचा हात कठड्याजवळच्या कुंडीवर होता आणि कपातला चहा कुंडीत उतरत होता.



"किती दिवस?" मास्तरांनी विचारलं.

"बाबा, तू रागावू नकोस."

"किती दिवस?"

"शाळेत होते तेव्हापासून," लेक म्हणाली. "आई तिचा सिंकमध्ये ओतते. तू पत्तीच इतकी उकळतोस, की जिभेवर टाकला तर जीभ वळते. त्या कुंडीतली दोन झाडं गेली, बाबा. हे तिसरं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतक्या खात्रीने करतोस," ती अगदी मायेने म्हणाली, "की आम्हालाच वाटतं, चहा असाच असत असेल."

दुसरा कुणी बाप खो-खो हसला असता. मास्तरांना हसू आलंही, पण ते ओठांवरच विरलं. कठड्याला धरून ते खालच्या रस्त्याकडे बघत राहिले. घरात चहा, विमानात फ्लॅप. आपण इतक्या खात्रीने बोलतो, की शेजारचा माणूस स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेतो. आणि आणखी काय काय असेल? आजवर किती शून्यांना आपण पाच म्हणालो असू, आणि किती जणांनी आदराने मान डोलावली असेल?

त्या दिवसापासून त्यांना विमानात बसायची भीती वाटू लागली. वादळाची नाही, वाऱ्याची नाही, इंजिनाची नाही. शेजारच्या माणसाच्या गप्प बसण्याची. को-पायलट बोलत नसला की ते कानोसा घेत. हा गप्प आहे तो सगळं ठीक आहे म्हणून, की मी मास्तर आहे म्हणून? गप्प बसण्याला रंग नसतो, वास नसतो, ओळखायचं कसं? एकदा त्यांनी एका को-पायलटला सरळ विचारलं, "समजा मी चुकलो, तर सांगशील ना?"

"तुम्ही कुठे चुकता, सर!" तो म्हणाला, आणि वर गोड हसला. मास्तरांना त्याच्या अंगावर डबा फेकावासा वाटला.

सांगायचं, की नाही सांगायचं? एका बाजूने बघितलं तर काहीच झालं नव्हतं. प्रवासी सुखरूप, विमानाला ओरखडा नाही, टॉवरला आठवणही नसेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय आपण तोंड उघडलं तर आपल्याबरोबर नवीही अडकणार. चेकलिस्ट दोघांची असते. शून्य बघून ती बोलली नाही, हा तिचाही दोष ठरणार. प्रोबेशनवरच्या पोरीला घरी पाठवायला कंपनीला कितीसा वेळ लागतो? आपल्या पायात काटा रुतला म्हणून दुसऱ्याचा पाय का कापावा? अशी सगळी शहाणी कारणं मास्तरांनी स्वतःला ऐकवली. ऐकवताना आवाज तोच होता, खात्रीचा, भारदस्त. तो ऐकूनच त्यांचा स्वतःवरचा विश्वास उडाला.

त्यांनी नवीला विश्रांतीच्या खोलीत गाठलं. "मी चीफ पायलटला सांगणार आहे."

ती उभीच राहिली. "सर, मी म्हटलं होतं ना, मी कुणाला—"

"म्हणूनच."

"मला काढतील ते."

"काढतील की नाही, मला माहीत नाही. काढू नका असं मी सांगेन."

"तुम्ही सांगाल," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात पहिल्यांदाच आदर नव्हता. "तुमचं काय, सर, तुम्ही मास्तर. तुम्हाला चार लोक शाबासकीच देतील, बघा, चूक कबूल केली म्हणून. मी मात्र शून्य बघून गप्प बसलेली मुलगी." तिने पाण्याची बाटली उचलली आणि गेली. मास्तरांना हे फार लागलं. पण ते खरं होतं, आणि तिने ते तोंडावर सांगितलं होतं, हे घरी पोचेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नाही.

चीफ पायलट म्हणजे मास्तरांचा जुना सोबती. एकाच वर्षी दोघं कंपनीत आले. हा वर चढला आणि टेबलामागे गेला. सगळं ऐकून त्याने डोक्याला हात लावला. "कशाला आलास रे सांगायला? मला आता काहीतरी करावं लागणार." आणि केलं. दोघांना उड्डाणावरून उतरवलं आणि सिम्युलेटरला लावलं. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवर उभं केलेलं खोटं कॉकपिट. आत सगळं खऱ्यासारखं, खिडकीतलं आकाशही.

परीक्षेच्या सकाळी नवी आत जाऊन बसल्यावर चीफ पायलटने मास्तरांना बाहेरच थांबवलं. "ऐक. तुझं उडवणं मला बघायचं नाहीये, ते मला माहिताय. मला ती बघायचीय. उतरायला लागलात की मी टॉवर होऊन चार हजार फुटांची परवानगी देईन. तू तीन लाव. समोर डोंगर आहे. तिला काही सांगायचं नाही, खुणावायचं नाही. बोलली तर राहील."

"आणि नाही बोलली तर?"

चीफ पायलटने दार उघडलं. "चल, उशीर होतोय."

मास्तर आत जाऊन बसले. इतकी वर्षं विमानात चूक होऊ नये म्हणून ते जपत आले. आज मुद्दाम चुकायचं होतं. नवीने त्यांच्याकडे बघितलंही नाही. खोटं विमान खोट्या धावपट्टीवरून उडालं, खोट्या ढगांत शिरलं. मागच्या खुर्चीतून चीफ पायलटचा आवाज आला, टॉवरचा म्हणून: खाली या, चार हजार.

"चार हजार," नवीने टॉवरला परत म्हणून दाखवलं.

मास्तरांनी बटण फिरवलं. तीन हजार. बोट मुद्दाम त्या आकड्यावर ठेवलं, नेहमीसारखं, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चार हजार, लावलेत."

विमान उतरायला लागलं. नवीने आकड्याकडे बघितलं. मास्तरांना ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. मग तिने त्यांच्याकडे बघितलं. मग पुन्हा आकड्याकडे. बोल, बाई. सहा हजार. साडेपाच. ढग विरळ झाले आणि समोर डोंगराची काळी धार आली. डोंगर खोटा आहे, हे मास्तरांना माहीत होतं. त्यांच्या छातीला माहीत नव्हतं. नुसती मान हलवावी, खाकरावं, काहीतरी करावं, असं त्यांना झालं. पण मग ती बोलली तरी ते बोलणं त्यांचंच ठरलं असतं. त्यांनी दात दातांवर आवळून धरले. पाच हजार. तिचे ओठ हलले आणि आवाज फुटला नाही. मास्तरांच्या मनात आलं, संपलं. मीच हिला गप्प बसायला शिकवलं, आणि आता मीच हिला बुडवतोय.

"थांबा," नवी म्हणाली.

आवाज चिरका, अर्धा घशातच. मग मोकळा. "थांबा, सर. परवानगी चारची आहे. तुम्ही तीन लावलेत. मी चार करतेय." आणि त्यांच्या उत्तराची वाट न बघता तिने हात पुढे करून आकडा फिरवला. विमान चार हजारांवर येऊन सावरलं आणि डोंगराची धार पोटाखालून मागे गेली.

बोलली! पोरगी राहिली! आजवर एखाद्या विमानाने जमीन सोडताना मास्तरांना एवढा आनंद झाला नव्हता. ते मनातल्या मनात तिची पाठ थोपटत होते, घरी जाऊन बायकोला काय सांगायचं ते जुळवत होते, डोळे धावपट्टीच्या दिव्यांवर होते, वेग बरोबर होता, वारा सरळ होता, सगळं कसं छान—

"सर," नवी म्हणाली. "चाकं."

मास्तरांनी बघितलं. चाकं वरच होती. ती खाली सोडायला त्यांनी सांगितलंच नव्हतं.

आणखी थोडं खाली गेले असते तर भोंगा वाजला असता. तो व्हायच्या आत तिने सांगितलं होतं. मास्तर कसंबसं "चाकं खाली" म्हणाले, तिने लिव्हर ओढला, दिवे लागले, दोघांनी बोटं लावली आणि विमान टेकलं. चांगलं टेकलं. मास्तरांना त्याचा काहीच पत्ता नव्हता.

शेजारच्या खोलीत तिघं बसले. चीफ पायलट खुशीत होता. "छान. तू राहिलीस," तो नवीला म्हणाला. "आणि आता सांगायला हरकत नाही. ते तीन हजार मीच लावायला सांगितले होते. तुझी परीक्षा होती."

नवीने मास्तरांकडे बघितलं. राग नव्हता, ती काहीतरी हिशेब जुळवत होती. "आणि चाकं, सर? तीपण?"

चीफ पायलटने मास्तरांकडे बघितलं. मग कागद गोळा करत, अगदी सहज, म्हणाला, "हो हो. दोन्ही आमचंच ठरलेलं."

जुना मित्र. दिलदार माणूस. एका शब्दात त्याने मास्तरांना सोडवलं होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं. सुंठीवाचून खोकला गेला असता. पुढच्या आठवड्यात पुन्हा कॅप्टनची डावी खुर्ची, पुन्हा चार फेऱ्या, पुन्हा संध्याकाळी घर. आणि बोललं तर? लागोपाठ दुसरी चूक. या वयात. चांगले डोळे असताना. मग कदाचित कायमचं टेबल, किंवा तेही नाही. मास्तरांना एवढी भीती आयुष्यात वाटली नव्हती. भोंगा वाजला तेव्हाही नाही, डोंगर समोर आला तेव्हाही नाही. तोंडातून शब्द निघेना. आपला मित्र, आपल्या भल्याचं बोलतोय, वरिष्ठ आहे, त्याला तोंडावर खोटं पाडायचं कसं? तेव्हा त्यांना कळलं, की त्या दुपारी शून्याकडे बघत ती पोरगी कशी बसली असेल.

"थांब," मास्तर म्हणाले.

आवाज त्यांचाही चिरकाच निघाला.

"चाकं ठरलेली नव्हती. चाकं मी विसरलो होतो."

चीफ पायलटने गोळा केलेले कागद पुन्हा टेबलावर ठेवले. चिडला होता, आणि चिडण्यापलीकडेही काहीतरी होतं. "मग तुला मी इतक्यात सोडू शकत नाही," तो शेवटी म्हणाला. "आणखी सिम्युलेटर. मग डॉक्टर. मग बघू. काय होईल ते आत्ता सांगता येत नाही मला."

"बरं," मास्तर म्हणाले.

बाहेर पार्किंगमध्ये ऊन तापलं होतं. मास्तरांनी गाडीचं दार उघडलं, आत बसले, पट्टा लावला, पट्ट्याला बोट लावलं. पुन्हा उडायला मिळेल की नाही, ठाऊक नव्हतं. घरी जाऊन आधी हे बायकोला सांगायचं होतं, आणि त्या दुपारचंही. त्यांनी गाडी सुरू करून मागे घ्यायला घेतली, तर आरशात नवी पळत येताना दिसली. त्यांनी ब्रेक दाबला, काच खाली केली.

"सर," ती धापा टाकत म्हणाली, "तुमच्या गाडीचा मागचा दिवा लागत नाहीये. उजवीकडचा."

"आज गेला वाटतं."

नवी जरा घुटमळली. मग तिने सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"नाही, सर. मी नोकरीला लागले तेव्हापासून बंदच आहे."